दोन बोटं लोखंड

ऊन सगळीकडे सारखं, रूळ सगळीकडे सारखा, खालची खडीसुद्धा एकाच खाणीतली. मग दुपारची गाडी रोज एक्केचाळिसाव्या किलोमीटरलाच का थांबावी? चाळिसाव्याला नाही, बेचाळिसाव्याला नाही, नेमकी एक्केचाळिसाव्याला! या कोड्याने पिंपळझरीतल्या भल्याभल्यांना घाम फोडला होता. तसा पिंपळझरीत घाम फुटायला कोड्याचीही गरज नसते म्हणा.

ही गोष्ट आहे आजपासून पंचवीस-तीस वर्षांनंतरची. पिंपळझरी हे विदर्भातलं लहानसं स्टेशन. तोवर तिथे मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसला गेला, तरी लोक ‘असं होय?’ म्हणून कूस बदलायचे. शाळा पहाटे सहाला भरायची आणि दहाला सुटायची. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. दिसायची ती एकटी कस्तुरी नगराळे. वय वर्षं अकरा, डोक्याला ओला दुपट्टा, हातात पन्ह्याची बाटली, आणि नजर रुळांवर.

कस्तुरीची आई शहरातल्या मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. पहाटेच्या गाडीने जायची आणि दुपारी तीन पन्नासच्या गाडीने परत यायची. आई उतरली की दोघी फलाटावरच्या कडुलिंबाखाली बसून एका बाटलीतलं पन्हं आळीपाळीने प्यायच्या, मग घरी जायच्या. दिवसातली ही दहा मिनिटं कस्तुरी कोणाला देत नसे.

पण गेले नऊ दिवस गाडी स्टेशनच्या अलीकडे, एक्केचाळिसाव्या किलोमीटरला, ऊन उतरेपर्यंत उभी राहत होती. आई यायची तेव्हा सात वाजलेले असायचे. चेहरा उतरलेला, पन्हं कोमट. आणि गुरुवारी तर स्टेशनवर पाटीच लागली: ‘सोमवारपासून दुपारची गाडी पाऊस लागेपर्यंत बंद.’

“दीड महिन्याचा तर प्रश्न आहे, कस्तू,” आई पिशवी भरता भरता म्हणाली. “दवाखान्याच्या वसतिगृहात कॉट मिळते आहे. सोमवारी जाईन ती रविवारी येईन. आबाजी आहेत ना घरी.”

आईने पिशवीत कंगवा ठेवला. कंगवा गेला म्हणजे आई खरंच राहायला चालली, हे कस्तुरीला तेव्हा कळलं. 

आता या सगळ्याचा गुन्हेगार कोण, हे गावात शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. गुन्हेगार होता जावई.

जावई म्हणजे रूळ तपासणारा यंत्रमानव. सहा पायांचा, कमरेएवढा उंच, रुळावरून खेकड्यासारखा चालणारा. जानेवारीत तो आला तेव्हा त्याचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं. पण रूळ सांभाळणाऱ्या गँगमधल्या माणसांनी पाहिलं, की याला सावलीला शेड लागते, दोन वेळा अंग पुसून द्यावं लागतं, आणि वर हा सगळ्यांच्या कामात खोड काढतो. मग त्याला दुसरं काय नाव देणार?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर कस्तुरी तडक फाटकाजवळच्या त्या शेडपाशी गेली.

“नमस्कार,” जावई म्हणाला. त्याची भाषा थेट पाठ्यपुस्तकातली. “कृपया कुंपणाच्या आत येऊ नका.”

“मी आत यायला नाही, भांडायला आले आहे!”

“भांडण कुंपणाबाहेरून करता येईल,” जावई म्हणाला आणि पुढचे दोन पाय जुळवून ऐकायला बसला.

कस्तुरी भांडली. चांगली मनसोक्त भांडली. शेवटी दम लागला तेव्हा तिने विचारलं, “गाडीने तुझं काय घोडं मारलं आहे? का थांबवतोस तिला?”

“रुळावर दाब वाढतो म्हणून. लोखंड तापलं की प्रसरण पावतं (म्हणजे आकाराने थोडं वाढतं). डिसेंबरच्या पहाटे आपला रूळ आठ अंशांवर असतो आणि सध्या दुपारी अडुसष्टवर जातो. एवढ्या फरकाने एक किलोमीटर रूळ किती वाढू पाहत असेल?”

“पण हवा तर अठ्ठेचाळीस आहे. रूळ अडुसष्ट कसा?”

“तो दिवसभर उन्हात उघडा पडलेला असतो. त्याला तुमच्यासारखा ओला दुपट्टा घेता येत नाही.”

कस्तुरीने अंदाजाने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. “एवढा वाढेल?”

“सत्तर सेंटीमीटर. तुमच्या कमरेपर्यंत येईल जवळजवळ.”

कस्तुरीने आपल्या कमरेकडे पाहिलं. तिचं भांडण जरा मागे पडलं. “मग ते सत्तर सेंटीमीटर जातात कुठे?”

“उत्तम प्रश्न,” जावई म्हणाला. “फार पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवत असत. रूळ त्या फटीत वाढायचे. आगगाडीची खडखड त्या फटींचीच होती. आता रुळांची टोकं वितळवून एकजीव करतात, त्यामुळे मैलोन्‌मैल सलग रूळ असतो आणि गाडी गुळगुळीत धावते. वाढायला जागाच नाही. रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी त्याला दोन्ही अंगांनी घट्ट धरून ठेवतात. मग तो आतल्या आत दाबला जातो. तुमच्याकडे फूटपट्टी आहे का?”

दप्तरात होती. जावयाने सांगितलं तशी कस्तुरीने ती उभी धरली, एक टोक खालच्या तळहातावर, एक वरच्या, आणि दाबायला लागली. थोडा वेळ पट्टी सरळ राहिली. आणखी दाबल्यावर मधूनच धनुष्यासारखी बाजूला वाकली.

“रूळही असाच बाजूला वाकतो. तोही अचानक, सापासारखा. त्यात वरून गाडी गेली तर खडी हादरते, पकड ढिली होते आणि...”

कस्तुरीने पट्टी दप्तरात ठेवली. “मग रूळ बसवतानाच तापलेला बसवा ना! अडुसष्टला बसवला तर अडुसष्टला दाब येणारच नाही.”

“शाबास! अर्धं बरोबर आहे. रूळ ज्या तापमानाला घट्ट करतात, त्याला तटस्थ तापमान म्हणतात (म्हणजे जेव्हा रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो). त्याच्यावर गेलं की दाब, खाली आलं की ताण. अडुसष्टला घट्ट केला, तर थंडीत तो आक्रसू पाहील, आक्रसता येणार नाही, आणि ताण असह्य होऊन तुटेल. पांघरूण तोकडं असलं की डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात ना, तसं आहे. म्हणून मधलं तापमान धरतात. आपल्याकडे ते चाळीस आहे. उन्हाळे वाढत गेले तसं माणसांनी ते हळूहळू वर सरकवत आणलं. रुळाला कडेने पांढरा रंग दिला, तेवढ्याने तो पाच-सात अंश थंड राहतो. खडीही वाढवली. हे सगळं आपल्याकडे केलेलं आहे.”

“मग एक्केचाळीसला काय झालं?”

जावयाने एका पायाने शेडमधल्या लोखंडी खांबावर टक्‌ केलं. “मी रुळावर असं वाजवून ऐकतो. तुणतुण्याची तार ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. ताण आणि दाब मला असा ऐकू येतो. एक्केचाळिसाव्या किलोमीटरला, बाभळीच्या झाडापाशी, दोनशे मीटर रूळ पंधरा अंश जास्त तापल्यासारखा वाजतो. पण तापमापक म्हणतो, तो बाकीच्या रुळाइतकाच तापलेला आहे. का, ते मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही?”

“नाही. आणि माहीत नसताना चारशे माणसं त्यावरून न्यायला मी हो म्हणू शकत नाही. मलाही गाडी थांबवायला आवडत नाही, कस्तुरी.”

त्या चारशेंत आपली आई असते, हे तोवर कस्तुरीच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती उठली. “मी उगाच ओरडले तुझ्यावर,” म्हणाली आणि घरी आली.

घरी आबाजी जेवायला बसले होते. आबाजी म्हणजे आईचे वडील, श्रावण नगराळे; कस्तुरीही त्यांचंच आडनाव लावायची. छत्तीस वर्षं रुळांवर काढली, त्यातली शेवटची चौदा गँगचे मुकादम म्हणून. डिसेंबरमध्ये निवृत्त झाले आणि जानेवारीत जावई आला. तेव्हापासून आबाजींनी रुळाकडे पाठ फिरवली होती, ती फिरवलीच. घरात जावयाचं नाव काढायची सोय नव्हती.

“आबाजी, मी जावयाशी बोलले.”

“बोल ना. रिकामे लोक बोलतेत त्याच्याशी,” आबाजी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. “मले नोको सांगू.”

“तो म्हणतो, एक्केचाळीसच्या बाभळीपाशी दोनशे मीटर रूळ—”

आबाजींचा हात ताटातच थांबला. “कोठी म्हनलं?”

“बाभळीपाशी.”

आबाजींनी ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच राहिली. आबाजी ताटात अन्न टाकत नाहीत, हे सगळ्या पिंपळझरीला ठाऊक होतं. दुपारभर ते खाटेवर आढ्याकडे बघत पडले. संध्याकाळी उठून त्यांनी ट्रंक उघडली, आपली जुनी हातोडी काढली आणि रुळांच्या इंजिनिअर खोब्रागडे मॅडमना फोन लावला.

“मॅडम, उद्या पहाटं एक्केचाळीसले याल का? गँग घेऊन या. फोनवर नाही सांगत. समोर सांगतो.”

शनिवारी पहाटे सगळे बाभळीखाली जमले. दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावून मार्ग तासभर बंद केला होता. कस्तुरीला बाभळीच्या खोडापाशी उभं केलं होतं, तिथून हलायचं नाही या अटीवर. आबाजींनी जावयाकडे न बघताच म्हटलं, “वाजव.”

जावयाने रुळावर टक्‌ केलं. मग आबाजींनी वाकून आपली हातोडी मारली आणि कान दिला. चार पावलं गेले, पुन्हा मारली.

“बरोबर आयकते थो,” आबाजी हळूच म्हणाले. जावयाच्या वाट्याला आलेलं त्यांचं हे पहिलं चांगलं वाक्य. मग ते गुडघ्यावर बसले आणि पत्र्याच्या तुकड्याने रुळाच्या कडेचा पांढरा रंग खरवडू लागले. रंगाचे पोपडे पडत गेले. खालून पिवळा रंग दिसायला लागला. आधी एक रेघ, मग एक बेरजेची खूण, मग आकडा: पस्तीस. शेजारी एक वेडंवाकडं ‘श्रा’.

“हे काय आहे?” खोब्रागडे मॅडमनी विचारलं.

आबाजी उठले. गँगमधली चारही माणसं त्यांनी स्वतः तयार केलेली. त्यांच्यासमोर बोलायला त्यांना जड जात होतं, हे कस्तुरीला लांबूनही दिसत होतं. तिला वाटलं, पळत जाऊन त्यांचा हात धरावा. पण अट होती.

“मॅडम, चूक माही आहे,” आबाजी म्हणाले. “डिसेंबरात लय थंडी पडली होती. माह्या नोकरीचा शेवटचा दिवस. पहाटं इथं रूळ तुटला. थंडीनं दोन्हीकडं आक्रसला अन् मधात दोन बोटांची फट पडली. आम्ही खराब तुकडा कापून काढला अन् नवा बसवला. पन फट भरायले नवा तुकडा दोन बोटं लांब घ्यावा लागला. पस्तीस मिलिमीटर. गरमी लागायच्या आधी तेवढं लोखंड कापून काढा लागते, हे कोणत्याबी मुकादमाले समजते. आमची रीत अशी, का रुळाचं रुळावरच लिवायचं अन् पुढच्याले तोंडी सांगायचं. लिवलं मी. सांगायचं राहून गेलं. अकरा वाजता निरोपाचा कार्यक्रम होता. हार घातले, गुलाल उधळला, फोटो काढले... अन् मी इसरलो. छत्तीस वर्षांत एकदा इसरलो, अन् पाहा काय होऊन बसलं!”

मॅडमनी खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“मार्चमध्ये पांढरा रंग मारायला मीच सांगितलं, श्रावणजी,” त्या म्हणाल्या. “रूळ थंड राहावा म्हणून. खाली काही लिहिलेलं असेल, आधी वाचून घ्या, हे मला सुचलं नाही. तेव्हा एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. तुम्ही आज आला नसता, तर आम्ही पावसाळ्यापर्यंत उन्हालाच शिव्या देत बसलो असतो.”

“पण दोन बोटांनी एवढं होतं?” कस्तुरी बाभळीखालून ओरडली.

“तुम्हीच हिशेब करा,” जावई म्हणाला. “कालचा आकडा आठवतो का?”

कस्तुरी बोटं मोजत पुटपुटायला लागली. “एक किलोमीटर रूळ साठ अंशांना सत्तर सेंटीमीटर वाढतो. हा तुकडा दोनशे मीटर, म्हणजे पाचवा हिस्सा. सत्तरचा पाचवा हिस्सा चौदा. आणि साठ नाही, पंधराच अंश, म्हणजे चौदाचा चौथा हिस्सा...” ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. “साडेतीन सेंटीमीटर! पस्तीस मिलिमीटर! आबाजी, तोच आकडा आला!”

“म्हणजे आबाजींनी त्या दिवशी इथे पंधरा अंशांचं ऊन पुरून ठेवलं होतं,” जावई म्हणाला. “थंडीत ते कोणाला जाणवलं नाही. उन्हाळा आला आणि ते बाहेर पडलं.”

“लय बोलते हा,” आबाजी म्हणाले, पण या वेळी त्यांनी जावयाकडे बघून म्हटलं.

रविवारी सकाळी काम झालं. दोनशे मीटरच्या पट्ट्यात रुळाच्या सगळ्या पकडी सोडल्या. आबाजींच्या पिवळ्या रेघेपाशी रूळ कापला, आणि तो मोकळा होऊन आपल्या खऱ्या लांबीला आला. जास्तीचं लोखंड कापून काढलं. मग सगळे थांबले. जावई रुळाला पाय लावून तापमान सांगत होता: अडतीस... एकोणचाळीस... ऊन चढत होतं, आणि पहिल्यांदाच पिंपळझरीची माणसं ऊन चढायची वाट बघत होती. “चाळीस!” जावई म्हणाला, आणि आबाजी ओरडले, “आवळा रे पोरांहो!” पकडी घट्ट झाल्या, टोकं वितळवून जोडली, खडी पुन्हा नीट भरली.

तरी मॅडमनी पाटी काढली नाही. “सोमवारच्या दुपारच्या उन्हात जावई हो म्हणाला, तरच गाडी येईल,” त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं.

म्हणून सोमवारी पहाटे आई भरलेली पिशवी घेऊनच गेली. “गाडी सुटली तर येते. नाही सुटली तर रविवारी,” असं म्हणाली. तिने कस्तुरीच्या केसांवरून हात फिरवला आणि मागे न बघता डब्यात चढली. मागे बघितलं असतं तर बहुतेक उतरली असती.

दुपारी पारा अठ्ठेचाळीसच्याही वर गेला. कस्तुरी कडुलिंबाखाली पन्ह्याची बाटली घेऊन उभी होती. शेजारी आबाजी बाकावर. साडेतीन वाजले. पावणेचार झाले. आबाजींनी खिशातला फोन दोनदा काढून ठेवला. तिसऱ्यांदा तो आपणहून वाजला.

“नमस्कार, आबाजी,” पलीकडून पाठ्यपुस्तकी आवाज आला. “रूळ अडुसष्ट अंशांवर आहे. बाभळीपाशी वाजवून पाहिलं. आवाज दोन्हीकडच्या रुळासारखाच येतो आहे. मी गाडीला हो म्हटलं. ती आत्ता माझ्यासमोरून गेली.”

आबाजींनी फोन खाली ठेवला. तोवर कस्तुरीने रुळांचा बारीक थरथराट ऐकला होता.

गाडी आली. तीन पन्नास झाले होते, मिनिटही इकडे-तिकडे नाही. तिसऱ्या डब्याच्या दारातून आधी पिशवी दिसली आणि मग आई. कस्तुरी अशी धावली, की पन्ह्याची अर्धी बाटली फलाटाने प्यायली.

“अगं, थांबलीच नाही गाडी!” आई तिला कवटाळत म्हणाली. “एक्केचाळीस आलं, मी खिडकी घट्ट धरून बसले, आणि सरळ पुढेच आली. काय झालं होतं तिथे?”

आबाजींनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून आईच्या हातावर ठेवलं. रुळाचा कापलेला काप. दोन बोटं जाड, एका बाजूला पांढरा रंग, पांढऱ्याखाली पिवळा.

“एवढ्यासाठी?” आई म्हणाली.

“एवढ्यासाठीच,” आबाजी म्हणाले. “माह्यापाशीच राहून गेलं होतं. परत केलं.”

तिघं कडुलिंबाखाली बसली आणि उरलेलं पन्हं वाटून प्यायली. आबाजींनी दोनच घोट घेतले आणि उठले.

“कुठे निघालात एवढ्या उन्हात?” आईने विचारलं.

“जावयानं बलावलं आहे. छत्तीस वर्षांत म्या कोठी कोठी काय काय लिवलं, थे सारं त्याले पाह्यजे. म्हनते, उन्हाळे आणखी वाढतीन, चाळीसचं बेचाळीस करा लागन, तवा रुळाची समदी कुंडली पाह्यजे. अन् माहीत असनारा मानूस एकच उरला.” आबाजींनी हातोडी काखेत मारली. “कस्तू, तुले बी बलावलं आहे. हिशेबाले. सकाळी, ऊन चढायच्या आधी.”

कस्तुरीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. आईने पिशवी उघडली होती आणि आतून कंगवा काढून कस्तुरीचे उन्हाने विस्कटलेले केस विंचरायला घेतले होते.